गौरी-गणपतीनंतरचा काजूचा खोकला

बुधवारी पहाटे पावणेचारच्या सुमारास आमचा कुत्रा काजू खोकला. आपण खोकतो तसं नाही, आधी त्याने मान पुढे ताणली, पुढचे पाय फाकवून उभा राहिला आणि घशातून बदक ओरडावं तसा कोरडा फाटका आवाज, सलग सात-आठ वेळा, मग पोट आत ओढून असा काही ओकारी काढायला लागला की मी धावत जाऊन जुना पेपर आणला, पण बाहेर पडला फक्त चमचाभर पांढरा फेस. मी लाइट लावला, त्याचा जबडा उघडून मोबाइलच्या टॉर्चने घशात बघितलं. मला वाटलं हाड अडकलंय. सासूबाई उठून आल्या, त्यांनाही तेच वाटलं, "काहीतरी खाल्लंन असणार खाली." नवऱ्याने झोपेतच विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, झोप. काजू पाणी प्यायला, शेपटी हलवली आणि परत त्याच्या गादीवर जाऊन गोल झोपला, म्हणून मीही झोपले. तिथे दोन दिवस गेले.

काजू म्हणजे आमचा सहा वर्षांचा इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, पाटलीपाड्याला एका बंद गॅरेजच्या शटरखाली सापडलेला, रंग अगदी भाजलेल्या काजूसारखा. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, सहाव्या मजल्यावर. गौरी-गणपतीला दरवर्षी कुडाळला गावी जातो आणि ट्रेनने त्याला नेणं जमत नाही, सासूबाईंचे गुडघे, सामान, पूजेचं सगळं, त्यात गर्दी, म्हणून तो सहा दिवस बोर्डिंगमध्ये राहिला होता. जवळचंच बोर्डिंग, आधीही दोनदा ठेवला होता, माणसं प्रेमळ आहेत. त्यांनी कार्ड मागितलं, रेबीजची लस आणि ती नऊ रोगांवरची एकत्र लस दोन्ही वेळेवर झालेल्या, त्यामुळे मी अगदी निश्चिंत होते.

शनिवारी त्याला आणायला गेले तेव्हा आतून एका कुत्र्याचा खोकल्याचा आवाज येत होता. मी तिथल्या मुलाला विचारलंही, तो म्हणाला, "काय नाय ताई, भुंकून भुंकून घसा बसलाय त्याचा, पाऊस पण आहे ना." आणि मी मान हलवली. मला आता तो क्षण इतका स्पष्ट आठवतो ना, ओल्या चपला, हातात काजूची लीश, तो आनंदाने माझ्या ओढणीला लोंबकळतोय आणि मागे तोच बदकासारखा आवाज. तिथेच आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते. विचारले नाहीत.

तर बुधवारी खोकला, गुरुवारी दिवसभरात चार-पाच वेळा, विशेषतः पट्टा ओढला गेला की. जेवत होता, खेळत होता. म्हणून मी नेहमीसारखं त्याला संध्याकाळी खाली नेलं आणि लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या कुकीला घेऊन भेटल्या. कुकी पग आहे, नऊ वर्षांची, काकूंच्या कडेवरच असते बहुतेक. काजू मागच्या पायांवर उभा राहिला, दोघांनी नाकाला नाक लावलं, नेहमीचंच त्यांचं. खाली उतरेपर्यंत काजू एकदा खोकलाही. काकू म्हणाल्या, "अगं, याला सर्दी झाली की काय?" मी म्हटलं, हो बहुतेक, गावाहून आल्यापासून जरा.

शुक्रवारी सकाळी नाकातून पाणी, डोळे जड, आणि पोळीला तोंड लावलं नाही. काजूने पोळी नाकारली म्हणजे काहीतरी आहे हे आमच्या घरात लहान पोरालाही कळतं. नवरा म्हणाला लेकाचं खोकल्याचं औषध आहे ते अर्धा चमचा देऊ का, आणि तापाची गोळी पाव करून. मी काजूच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं आणि त्या फोनवर जवळजवळ ओरडल्याच. माणसांचं कुठलंही औषध द्यायचं नाही. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनीवर जातं, पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं, आणि शुगर फ्री सिरपमध्ये साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल असेल तर साखर एकदम उतरून कुत्रा कोसळू शकतो. हे मी इथे मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडे घराघरात हीच औषधं असतात आणि सगळं प्रेमापोटीच दिलं जातं.

दुसरी गोष्ट त्यांनी फोनवर सांगितली ती मला कधीच सुचली नसती. म्हणाल्या, क्लिनिकमध्ये आत घेऊन येऊ नका, बाहेर थांबा आणि मला फोन करा. आमच्या छोट्याशा वेटिंगमध्ये लसीला आलेली दोन महिन्यांची पिल्लं बसलेली असतात, खोकणारा कुत्रा तिथे बसवायचा नाही. मग आम्ही रिक्षातच बसलो, पाऊस चालू, रिक्षावाले काका बिचारे थांबले, आणि डॉक्टर मास्क आणि ग्लोव्हज घालून छत्री घेऊन बाहेर आल्या.

त्यांनी आधी तारखा विचारल्या. बोर्डिंगमध्ये कधी ठेवला, कधी आणला, पहिला खोकला कधी. बोटांवर मोजून म्हणाल्या, शनिवारी आणला, बुधवारी खोकला, म्हणजे शेवटच्या संपर्कापासून चार दिवस. कुत्र्यांचा खराखुरा फ्लू संसर्गानंतर साधारण दोन ते चार दिवसांत दिसतो, केनेल कफला, म्हणजे कुत्र्यांच्या एकमेकांकडून पसरणाऱ्या खोकल्याला, आठवडा-दहा दिवसही लागू शकतात, तेव्हा दोन्ही असू शकतं. मग डोळ्यांत पिवळा चिकट स्राव आहे का, पंजाचे तळवे कडक झालेत का, जबडा किंवा पाय आपोआप उडतात का असं विचारलं. हे सगळं डिस्टेंपरसाठी होतं, कुत्र्यांचा व्हायरसमुळे होणारा गंभीर आजार. त्याचीही सुरुवात अशीच सर्दी-ताप-खोकल्याने होते आणि आपल्याकडे रस्त्यावर तो भरपूर आहे, म्हणून खोकणाऱ्या कुत्र्यात आधी तो बाजूला काढायचा. काजूची लस झालेली होती त्यामुळे त्यांना ती शक्यता कमी वाटत होती, पण विचारलं.

गळ्यावर दोन बोटांनी अगदी हलकं दाबलं आणि काजूला लगेच तोच खोकला आला. ताप १०३.२. कुत्र्याचं नॉर्मल टेम्परेचर साधारण १०१ ते १०२.५ असतं हे मला तेव्हा कळलं, सहा वर्षं कुत्रा पाळून. हात लावून नाक गरम आहे की गार यावर आम्ही ताप ठरवायचो, त्याला काही अर्थ नाही.

मी विचारलं, मग हा डॉग फ्लू का? त्या म्हणाल्या आपण हा शब्द सगळ्यालाच लावतो. खोकला-सर्दीचे खूप वेगवेगळे जंतू आहेत, पॅराइन्फ्लुएंझा व्हायरस, अॅडिनोव्हायरस, बोर्डेटेला नावाचा बॅक्टेरिया, आणि बऱ्याचदा एकावर एक दोन-तीन असतात. खरा फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा ए, त्याचे कुत्र्यातले दोन प्रकार ठळक आहेत. एच३एन८ हा घोड्यांचा व्हायरस, तो कुत्र्यांमध्ये आला आणि २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या रेसिंग ट्रॅकवरच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. दुसरा एच३एन२, हा पक्ष्यांकडून आलेला, आधी कोरिया आणि चीनमध्ये दिसला आणि २०१५ ला शिकागोच्या भागात त्याची मोठी साथ आली. कुत्र्यांच्या अंगात याच्यासाठी आधीची प्रतिकारशक्ती नसते, त्यामुळे जिथे शिरतो तिथे संपर्कातल्या जवळजवळ सगळ्यांना लागण होते. त्यातले साधारण ८० टक्के आजारी दिसतात आणि उरलेल्या २० टक्क्यांना काहीच दिसत नाही पण ते व्हायरस सोडत असतात. बरेचसे दोन-तीन आठवड्यांत बरे होतात, मृत्यूचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत असतं, आणि जे दगावतात ते बहुतेक न्यूमोनियाने.

ते वीस टक्के माझ्या डोक्यात बसले. म्हणजे बोर्डिंगमध्ये जो खोकत होता तो तरी ऐकू आला. न खोकणारा शेजारी कोण होता ते कोणालाच कळणार नाही.

मग त्यांनी नाकातून आणि घशातून स्वॅब घेतला. लांब कापसाची काडी, मी काजूचं डोकं माझ्या छातीशी धरलेलं, नवऱ्याने मागचे पाय. काजूने चावायचा प्रयत्नही केला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. स्वॅब पहिल्या तीन-चार दिवसांतच घ्यावा लागतो म्हणे, नंतर व्हायरस सापडत नाही आणि रिपोर्ट उगाच निगेटिव्ह येतो. टेस्ट स्वस्त नव्हती आणि रिपोर्टला चार-पाच दिवस लागणार होते. डॉक्टर म्हणाल्या, उपचार तर लक्षणांवरच चालू करतेय, टेस्ट तुम्हाला किती दिवस कोंडून घ्यायचं ते ठरवायला. केनेल कफ निघाला तर खोकला थांबल्यावर अजून दोन आठवडे. एच३एन२ निघाला तर पहिल्या लक्षणापासून कमीत कमी २१ दिवस, कारण कुत्रा बरा दिसायला लागला तरी इतके दिवस व्हायरस सोडू शकतो. रिपोर्ट येईपर्यंत २१ धरून चाला.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बुधवारपासून एकवीस चौकटी मोजल्या आणि शेवटच्या चौकटीला लाल गोल केला. आणि तेव्हाच गुरुवारची चौकट दिसली. लिफ्ट. कुकी.

खरं सांगते, काकूंना फोन करायला मला दोन तास लागले. आपल्याला वाटतं आपण बेजबाबदार ठरू, बाई म्हणतील माहीत असून आणलंत का. मी फोन केला आणि सरळ सांगितलं, "काकू, काल काजूने कुकीला नाक लावलं ना, त्याला संसर्गाचा खोकला निघालाय, माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुम्ही तिच्यावर लक्ष ठेवा आणि आठवडा-दहा दिवस तिला दुसऱ्या कुत्र्यांत नेऊ नका." काकू आधी गप्पच. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस गं." एवढंच. पण आवाज घाबरलेला होता, कारण पगला आधीच श्वासाचा त्रास, नाक चपटं, घसा अरुंद, अशा कुत्र्यांना खोकल्याचा आजार जास्त जड जातो.

सोसायटीच्या ग्रुपवरही मी लिहिलं. कुठल्या तारखेला कुठल्या लिफ्टमध्ये, कुठल्या वेळेला खाली गेलो होतो, काय लक्षणं, सगळं. एका गृहस्थांनी लगेच टाकलं की मग कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदीच करा. लहान मुलांना होईल का असं चार जणांनी विचारलं. मी डॉक्टरांना विचारूनच लिहिलं होतं, कुत्र्यांच्या फ्लूची माणसाला लागण झाल्याची नोंद नाही. बोर्डेटेला मात्र अगदी क्वचित, प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या माणसाला होऊ शकतो, म्हणून घरात तसं कोणी असेल तर हात धुवा आणि आजारी कुत्र्यापासून लांब राहा. उलट माणसाकडून प्राण्याला जातो, २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी घरातल्या माणसांकडून पाळीव मांजरांना आणि कुत्र्यांना लागण झाल्याच्या नोंदी आहेत. आमच्या लेकाला त्याच आठवड्यात सर्दी होती, त्यालाही काजूच्या तोंडाला तोंड लावायला बंदी केली, तो रडवेला झाला. ग्रुपवर वाद झाला तो झाला, पण दुसऱ्या विंगमधल्या दोघांनी मला वेगळा मेसेज केला की आमचाही खोकतोय, आम्हालाही वाटलं हाडच अडकलंय. त्यातला एक त्याच बोर्डिंगमध्ये होता.

मग घर. काजूला बाल्कनीलगतची छोटी खोली दिली, गादी, पाणी, त्याची जुनी चादर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की फ्लूचा व्हायरस फरशी-भांडी अशा जागी ४८ तासांपर्यंत टिकतो, कपड्यांवर २४ आणि हातावर १२, पण साबणाने आणि साध्या ब्लीचने मरतो. आधी साबणाच्या पाण्याने पुसायचं, कारण लाळ आणि केस तसेच असतील तर ब्लीचचा उपयोग होत नाही, मग एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण दोन मोठे चमचे, दहा मिनिटं राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करायचं, तोवर काजू दुसऱ्या कोपऱ्यात. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा अॅसिड अजिबात मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. आणि आमच्या मावशी रोज फिनाइल टाकून लादी पुसायच्या ते बंद केलं, ओल्या लादीवरचं फिनाइल कुत्रे पंजावरून चाटतात आणि ते त्यांना बाधतं. मावशींना हे पटायला दोन दिवस लागले. मी एक जुना गाऊन काजूच्या खोलीच्या दाराला टांगून ठेवला, आत जाताना घालायचा, बाहेर येताना काढायचा आणि हात धुवायचे. खाली नेणं पहाटे पाचला आणि रात्री साडेअकराला, जेव्हा कोणी कुत्रा नसतो, गळ्यातला पट्टा काढून छातीभोवती बांधायचा हार्नेस, आणि परत येताना लिफ्टची बटणं आणि खालचा भाग मी स्वतः पुसायची.

गेटजवळ भटक्या कुत्र्यांसाठी पाण्याचं एक मोठं सिमेंटचं भांडं आहे. काजू येता-जाता त्यातून प्यायचा, कुकी सोडून बिल्डिंगमधले सगळेच प्यायचे. मला त्या भांड्याचा विचार शनिवारी आला. तोवर चार दिवस तो त्यातून पीत होता. मी वॉचमन काकांना सांगून ते रिकामं केलं, घासलं, उन्हात उलटं ठेवलं (ऊन म्हणजे काय, सप्टेंबरातलं जेमतेम), आणि गेटवरच्या चारही कुत्र्यांना वेगवेगळ्या स्टीलच्या वाट्यांत लांब लांब पाणी द्यायला सुरुवात केली. घरातल्या कुत्र्याला आपण खोलीत ठेवू, रस्त्यावरच्या कुत्र्याला कुठे ठेवणार. त्याला नेबुलायझर नाही, रात्री उठून बघणारं कोणी नाही. त्यांतला काळू मंगळवारी खोकायला लागला. तो खात होता, ताप नव्हता, त्याला मी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या भाताच्या गोळ्यात घालून दिल्या आणि तो बरा झाला, पण ते माझ्या घरातूनच खाली गेलं असणार असं मला वाटतं.

रविवारची रात्र सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की खोकला किती आहे याच्यापेक्षा झोपेतला श्वास मोजा. गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या आत असला पाहिजे, चाळीसच्या वर गेला तर थांबायचं नाही, आणि हिरड्या बघत राहा, गुलाबी पाहिजेत, राखाडी किंवा निळसर झाल्या तर ताबडतोब. रात्री अडीचला मी लादीवर बसून मोबाइलवर पंधरा सेकंद लावले आणि त्याच्या बरगड्यांकडे बघत मोजलं. बारा. म्हणजे अठ्ठेचाळीस. परत मोजलं, परत बारा. वरचा ओठ उचलून हिरडी दाबली, पांढरी झाली आणि लगेच गुलाबी झाली, तेवढं बरं वाटलं. ताप १०४. आता खोकलाही बदलला होता, तो कोरडा बदकासारखा आवाज जाऊन ओला, जड, आतून येणारा, आणि खोकून झाल्यावर तो मान खाली टाकून उभाच राहायचा, बसायचा नाही. मला ते उभं राहणं बघवेना. नंतर कळलं की श्वास पुरत नसला की कुत्रा आडवा पडायला बघत नाही.

डॉक्टरांना रात्रीच फोन केला, त्यांनी उचलला, हे माझ्यावर त्यांचं ऋण आहे. सकाळी सातला क्लिनिक उघडून एक्स-रे काढला. उजव्या बाजूला खाली पांढरा डाग. व्हायरसने श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब केलं की तिथली घाण वर ढकलणारी बारीक लव काम करेनाशी होते आणि मग बॅक्टेरिया खाली उतरतात, तो न्यूमोनिया. म्हणूनच अँटिबायोटिक व्हायरससाठी नसतं, या दुसऱ्या हल्ल्यासाठी असतं, आणि म्हणूनच मेडिकलमधून आपल्या मनाने आणून तीन दिवस दिलं आणि बंद केलं असं करायचं नाही. औषध बदललं, सलाइन लावलं, ऑक्सिजनची गरज पडली नाही. घरी दिवसातून तीनदा साध्या सलाइनचं नेबुलायझर, आणि त्यानंतर लगेच छातीवर थोपटणं.

हे थोपटणं मला जमेना. हाताची ओंजळ करून, पोकळ ठेवून, बरगड्यांवर खालून वर, दोन्ही बाजूंनी, जोरात नाही पण हलकंही नाही. मी घाबरत घाबरत करायची आणि काजू वळून बघायचा. सासूबाई दारात उभ्या राहून दोन दिवस बघत होत्या, मग गाऊन घालून आत आल्या, गुडघे दुखत असताना लादीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सर तू. तुझ्या नवऱ्याचा कफ मी असाच काढलाय, तीन वर्षांचा होता." आणि ठप ठप ठप असा इतका एकसारखा, पोकळ आवाज यायला लागला की काजूचे डोळे मिटायला लागले. पाच मिनिटांनी तो खोकला आणि घट्ट पिवळसर कफ बाहेर पडला. सासूबाई त्याच्या कानाला हात लावून म्हणाल्या, "असंच हवं रे बाळा, काढ सगळं बाहेर." त्यानंतर ते काम त्यांचंच झालं. कोमट पाण्यात भिजवलेलं चिकनही मी सासूबाईंच्याच हाताने द्यायची, कारण तो दुसऱ्या कोणाच्या हातचं खाईना. वास येत नाही नाक चोंदल्यावर, म्हणून अन्न जरा गरम करून द्यायचं, वास उठतो आणि मग खातात.

बुधवारी रिपोर्ट आला. इन्फ्लुएंझा निगेटिव्ह. डिस्टेंपर निगेटिव्ह. पॅराइन्फ्लुएंझा आणि बोर्डेटेला, दोन्ही पॉझिटिव्ह. म्हणजे ज्याला आम्ही सगळे आठवडाभर फ्लू फ्लू म्हणत होतो तो केनेल कफ होता, उतरून न्यूमोनिया झालेला. मला वाटलं होतं केनेल कफ म्हणजे साधा, आपोआप बरा होणारा, आणि बहुतेकांचा होतोही, पण काजूचा नाही झाला. मी विचारलं, पॅराइन्फ्लुएंझा तर त्या एकत्र लसीत असतो ना, मग? त्या म्हणाल्या ती इंजेक्शनची लस आजार कमी करते, पण नाकातच व्हायरसला अडवायचं तर नाकातून दिलेली लस जास्त कामाची, आणि बोर्डेटेला त्या इंजेक्शनमध्ये नसतोच. त्यासाठी नाकात टाकायची वेगळी केनेल कफची लस आहे, वर्षातून एकदा. काजूच्या कार्डावर तो रकाना सहा वर्षं रिकामा होता, मला तर तो रकाना कशाचा आहे हेच माहीत नव्हतं. बोर्डिंगवाल्यांनीही कधी विचारला नव्हता. फ्लूची वेगळी लस अमेरिकेत आहे, एच३एन८ ची २००९ पासून आणि एच३एन२ ची २०१५ पासून, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी, पण आमच्या डॉक्टरांकडे ती येत नाही. त्यामुळे खरा फ्लू कधी आला तर आपल्या हातात काय, तर खोकणारा कुत्रा ओळखणं, घरात ठेवणं, आणि लगेच सगळ्यांना सांगणं.

कुकी सोमवारी खोकायला लागली होती. बरोबर चौथ्या दिवशी. पण काकू तयार होत्या, पहिल्या खोकल्यालाच फोन, त्याच दिवशी औषध, एसी बंद-चालू करणं बंद, खाली नेणं बंद, कडेवर घेऊन गच्चीवर. तिचा आजार घशाच्या खाली उतरला नाही. दहा दिवसांत ती परत घोरायला लागली, काकूंनी मला तिच्या घोरण्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मी तो कितीदा ऐकला असेल.

बोर्डिंगला मी रिपोर्टचा फोटो पाठवला आणि फोन केला. भांडायला नाही, पण ठामपणे बोलले. पहिल्यांदा तिथली बाई म्हणाली आमच्याकडून नाही गेला, पावसात होतं असं. मी म्हटलं असेलही, पण त्या आठवड्यात तुमच्याकडे जे जे होते त्यांच्या घरी एक मेसेज करा, कोणाच्या घरी पिल्लू असेल, कोणाकडे म्हातारा कुत्रा असेल. मेसेज गेला की नाही मला माहीत नाही. दुसऱ्या विंगमधल्या माणसाला तरी आला नव्हता.

काजूचा खोकला पूर्ण थांबायला एकोणीस दिवस लागले, त्यापुढे चौदा दिवस मोजले. कॅलेंडरवरचा लाल गोल केव्हाच मागे पडला होता, ऑक्टोबरचं पान उलटून झालं होतं.

यंदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच लस घेतली, कारण पॅराइन्फ्लुएंझाविरुद्धची ताकद यायला तीन आठवडे लागतात, गणपतीच्या आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही. काकू आणि मी एकाच रिक्षाने गेलो, कुकी कडेवर, काजू पायाशी. सुई नाही, नुसती बारीक नळी नाकपुडीत आणि थेंब. काजू दोनदा शिंकला आणि तिथेच डॉक्टरांचा हात चाटला. नवीन बोर्डिंगच्या बाईंनी फोनवर स्वतःहून विचारलं, नाकातली लस कधी झाली, गेल्या तीन आठवड्यांत खोकला होता का, घरात किंवा बिल्डिंगमध्ये कोणी खोकतंय का. मी कार्डाचा फोटो पाठवला. मग मी विचारलं, तुमच्याकडे सध्या कोणी खोकतोय का. त्या म्हणाल्या, "नाही ताई, आणि खोकला तर मी त्याच दिवशी तुम्हाला कळवीन, तेव्हा गावाहून कोणीतरी येऊन घेऊन जाण्याची सोय ठेवा." नवरा या वर्षी दोनच दिवसांनी परत येणार आहे, त्याचं परतीचं तिकीट वेगळं काढलंय.